कानाचा दाखला

सुनीतावहिनी, रूथ, रिव्हरसाइड बॉइजचे उरलेले तीन सदस्य, चर्चमधील बंधुभगिनी, कंपनीच्या बसमधले माझे सहप्रवासी, आणि चोआ चू कांगच्या या सभागृहात खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली मित्रमंडळी,

गेली अकरा वर्षं शांतवन साळवे यांच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी मी, माधव बापट, उभा राहून प्रास्ताविक करत आलो. ते कुणी मागितलेलं नसे. कुणाला हवंही नसे. तरी मी करत असे, कारण माझ्यापाशी विशेषणं फार आणि ती खपवायला जागा कमी. आज प्रथमच मला रीतसर विनंती झाली की, बापट, तुम्ही बोला. आणि आज प्रथमच मला बोलण्याची इच्छा नाही.

इच्छा नाही, पण एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती वहिनींना ठाऊक आहे. बसमधल्या सात-आठ जणांना अर्धी ठाऊक आहे. उरलेल्यांना आज कळेल. ती सांगितल्यावाचून मला या मंचावरून खाली उतरता येणार नाही. म्हणून आरंभीच सूचना देऊन ठेवतो. या भाषणात मधूनमधून विनोद येईल. माझ्या जिव्हेला ती जुनी व्याधी आहे. पण विनोद आला की सावध व्हा. या प्रकरणात विनोद हाच आरोपी आहे.

आधी दिवंगताचा परिचय. 'शांतवनराव', 'ते', 'त्यांनी' अशा आदरार्थी बहुवचनात बोलायचा मी आरशासमोर सराव करून आलो होतो. जमणार नाही. तो शांतवनच होता.

शांतवन मिरजेकडचा. त्याचे वडील एका मिशन इस्पितळात गाडी चालवत. तिथले अमेरिकन डॉक्टर मायदेशी परतले तेव्हा त्यांनी आपला बँजो या ड्रायव्हरच्या हाती सोपवला. आता बँजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली बँजो पार्टी उभी राहील. कृपया ती खाली बसवा. हा निराळा बँजो. डफाला लांब मान फुटावी तसा दिसणारा, पाच तारांचा. त्यातली पाचवी तार आखूड. ती मानेच्या अर्ध्या वाटेतूनच निघते आणि तिचा सूर बदलत नाही. बोटं बाकीच्या चार तारांवर काय हवा तो धुमाकूळ घालोत, ही आपलं एकच म्हणत राहते. शांतवन म्हणायचा, "साहेब, तंबोराच आहे हा. फक्त गाडी चुकेल म्हणून घाईत निघालेला तंबोरा."

त्या बँजोची एक खुंटी प्रवासात तुटलेली होती. वडिलांनी नऊ वर्षांच्या शांतवनला सोबत घेऊन तो मिरजेतल्या एका तंबोऱ्याच्या कारागिराकडे नेला. कारागिरानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे वाद्य आहे की पीठ चाळायचं?" पण खुंटी मात्र करून दिली. लाकडी, काळी, तंबोऱ्याला शोभेल अशी. ती खुंटी लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

त्या दिवसापासून पोरगं रोज शाळा सुटली की त्या कारखान्यात जाऊन बसू लागलं. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवतो. केसभर इकडे, केसभर तिकडे. एका जागी तार मुकी असते, आणि तिथून केसभर पुढे तिचा आवाज उमलतो. शांतवननं आठ वर्षं तो धागा ऐकला. दुसरं काही केलं नाही. अभ्यासही नाही, असं त्याची आई सांगे. तरीही तो यंत्र अभियंता झाला. यावर भाष्य करण्याचा मोह मी टाळतो.

पुढे तो नोकरीसाठी सिंगापूरला आला. सोबत सुनीतावहिनी, कडेवर रूथ, आणि विमानात सामानात टाकायला नकार दिलेला तो बँजो. इथल्या दमट हवेत बँजोवरचं कातडं सैल पडे. मग दर रविवारी सकाळी हा सद्गृहस्थ वहिनींचं केस वाळवायचं यंत्र घेऊन बँजोची निगा राखत बसलेला असे. वहिनींचे केस ओले ते ओलेच. हा अन्याय त्यांनी किती वर्षं सोसला याची नोंद कुठेही नाही, म्हणून इथे करतो.

चर्चमध्ये त्याला तीन समदुःखी भेटले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले अंकल हो ('हो' हे त्यांचं चिनी आडनाव), त्यांच्याहून उंच असलेल्या बास वाद्यासह. व्हायोलिन वाजवणारी एक फिलिपिनो परिचारिका. आणि गिटारवाला एक मल्याळी गृहस्थ. चौघांनी मिळून संघ काढला: चोआ चू कांग रिव्हरसाइड बॉइज. चोआ चू कांगला सांगण्यासारखी नदी नाही. चौघांत एक बाई होती. आणि उरलेल्या तिघांना 'बॉय' म्हणणं हा केवळ श्रद्धेचा विषय होता.

त्यांचं संगीत म्हणजे ब्लूग्रास गॉस्पेल. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली भजनं. मी ती अकरा वर्षं ऐकली, त्यामुळे त्यांचं स्वरूप अधिकारवाणीनं सांगू शकतो. चाल अशी की पाय आपोआप ठेका धरावा. आणि शब्द पाहावेत तर एक माणूस मरतो आहे, दुसरा मेलेला आहे, तिसरा त्यांना भेटायला उत्सुक आहे. द्रुत लयीत मृत्यू. मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एका वर्षी मीच त्याला वाजवायला लावलं. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी आमच्या कार्यवाह बाई पुढे आल्या. आज त्या समोरच बसल्या आहेत.

"साळवे, काहीतरी आनंदाचं घ्या ना. सणाचा दिवस आहे."

शांतवन गोंधळला. "आनंदाचंच आहे हो, ताई. माणूस घरी चाललाय."

"कुठल्या घरी?"

"तेच ते," शांतवन म्हणाला आणि त्यानं सुरुवात केली.

तुम्ही आत्ता हसलात. तेव्हाही हसला होतात. मी सर्वांत मोठ्यानं.

तर असा हा अर्धवेळ संगीतकार. त्याच्या कारकिर्दीचा खरा रंगमंच म्हणजे आपल्या ब्लॉकांखालचे मोकळे व्हॉइड डेक. कुणी ख्रिस्ती म्हातारा, म्हातारी गेली की खाली शवपेटी मांडलेली असे, प्लास्टिकच्या गोल टेबलांवर शेंगदाणे, आणि एका खांबापाशी हे चौघे. शांतवननं अकरा वर्षांत किती अनोळखी माणसांना पोचवलं असेल! मानधन शेंगदाणे. त्याची तिथली एक पद्धत होती. शेवटचं गाणं संपलं की तो हाताचा पंजा पसरून तारांवर ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. अर्धा मिनिट, मिनिट. मी एकदा विचारलं, हे काय नाटक? तर म्हणाला, "गाणं संपलं हे हातानं सांगावं लागतं, पंडितजी. नाहीतर लोकांना वाटतं, अजून काहीतरी वाजतंय."

पंडितजी म्हणजे मी. संस्कृत शब्दांच्या अतिसेवनामुळे मला मिळालेली ही पदवी. कारखान्यात मी 'साहेब' असे, बसच्या पायरीवरून खाली उतरलो की 'पंडितजी'.

आता कारखान्याकडे चला.

जुरोंग आयलंड या रसायन कारखान्यांच्या बेटावर आमच्या विभागात चाळीसेक पंप आहेत. शांतवन त्यांचा वैद्य, आणि मी शिफ्टचा प्रमुख, म्हणजे त्या वैद्याचा वरिष्ठ. पंपांची प्रकृती मोजायला उत्तम उपकरणं आहेत. ती आकडा देतात, आकडा शीटवर चढतो. शांतवन आकडा घेत असे, आणि मग खिशातून हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढत असे. त्याचं टोक बेअरिंगच्या पेटीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. ही रीत जुन्या मिस्त्रींची आहे, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्या मोटरा ज्या गतीनं फिरतात तिचा सूर, शांतवनच्या सांगण्याप्रमाणे, बँजोच्या मूळ सुराच्या अगदी शेजारी पडतो. म्हणजे हा माणूस रोज सकाळी पगार घेऊन चाळीस तंबोरे ऐकत हिंडत होता.

एकदा त्यानं एका पंख्याबद्दल मला सांगितलं होतं की त्याचा सूर हलतोय. दहा दिवसांनी त्या पंख्याचा गिअरबॉक्स फुटला. मी त्याला योगायोग म्हटलं. शब्दकोशात तेवढाच शब्द मला सोयीचा होता.

आता गेल्या आठवड्यातला गुरुवार. हे मी सावकाश सांगतो.

सकाळी साडेनऊला शांतवन कंट्रोल रूममध्ये आला. आम्ही सहा-सात जण होतो. त्यातले चौघे इथे आहेत. तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, सात-अ ची जवारी बिघडलीये."

"मराठीत सांग."

"मागे कुणीतरी गुणगुणतंय. खूप खाली. सप्तकाच्याही खाली. दर चार मात्रांनी दम घेतल्यासारखं."

"रीडिंग?"

"रीडिंग ठीक आहे. मर्यादेच्या आत."

"मग?"

"मग काही नाही. सात-ब चालू करू, हा थांबवू, उघडून बघू."

मित्रहो, सात-अ या पंपात पाणी नसतं. त्यात जे असतं ते तापलेलं असतं आणि हवा लागली की पेट घेण्यासाठी ठिणगीची फारशी वाट पाहत नाही. हे त्याला ठाऊक होतं. मला त्याहून जास्त ठाऊक होतं, कारण ते ठाऊक असण्यासाठीच माझी नेमणूक आहे. एक पंप थांबवून त्याचा राखीव जोडीदार चालू करायला अर्धा तास लागतो. अर्धा तास! मी किती वेळ वाया घालवलेला माणूस आहे हे तुम्ही जाणता.

पण समोर श्रोते होते. सहा-सात जण, कामाचा कंटाळा आलेले. मी खुर्चीत मागे रेललो.

"शांतवनराव," मी म्हणालो, "या शीटवर एक रकाना आहे. त्याला आकडा लागतो."

"आकडा नाही, साहेब. कान आहे."

"उत्तम. त्या कानाचं कॅलिब्रेशन झालंय? दाखला आहे? कधीपर्यंत वैध आहे?"

सगळे हसले. कोपऱ्यातल्या चिनी सहकाऱ्याला मराठी कळलं नाही म्हणून मी ते इंग्रजीत सांगितलं. मग तोही हसला. दुसरी दाद मिळावी म्हणून स्वतःच्या विनोदाचं भाषांतर करणारा मनुष्य तुम्ही पाहिला नसेल, तर पाहून घ्या. तो इथे उभा आहे.

शांतवनही हसला. त्याला राग येतो हे मी कधी पाहिलं नाही. दारापाशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, "बरं, पंडितजी. या एकाचंच नीट ऐकलंय. बाकीचे अजून ऐकायचेत."

कारखान्यात त्यानं मला पंडितजी म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मला वाटलं, विनोदाला विनोद. शीटवर काहीही चढलं नाही. संध्याकाळच्या बसमध्ये कानाचा दाखला मागच्या बाकापर्यंत पोचला होता.

सात-अ चालू राहिला. शुक्रवारी चालू. शनिवारी चालू.

रविवारी दुपारी चार वाजता अंकल हो यांच्या ब्लॉकखाली त्यांच्या दिवंगत शेजारीणबाईंसाठी प्रार्थना होती. यंदा देशाचं पन्नासावं वर्ष, त्यामुळे वर सगळ्या मजल्यांवरून लाल-पांढरे झेंडे लोंबत होते आणि खाली पांढरी फुलं. तिसरं गाणं. शांतवन खांबाला टेकला. गाताना तो कधी टेकत नसे. मग बँजो थांबला. बाकीचे तिघे वाजवत राहिले, कारण या संगीतात एकानं थांबून दुसऱ्याला जागा द्यायची रीत आहे. अंकल हो मला दफनभूमीत सांगत होते, माझं मनगट घट्ट धरून सांगत होते: "आय थॉट ही गिव्ह मी सोलो, यू नो? सो आय प्ले. आय प्ले व्हेरी नाइस. लाँग, लाँग." त्यांनी डोळे मिटून वाजवलं. डोळे उघडले तेव्हा शांतवन खांबापाशी खाली बसलेला होता, बँजो मांडीवर सरळ, हात बाजूला पडलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुसऱ्याला पोचवायला गेलेला माणूस. त्या दिवशी तारांवर पंजा ठेवायला कोणी नव्हतं.

मंगळवारी आपण त्याला चोआ चू कांगच्या मातीत ठेवलं. तुमच्यापैकी बरेच जण होते. त्या गर्दीत कंट्रोल रूममधला एक तरुण माझ्या शेजारी उभा होता. तो चांगला मुलगा आहे, मी नाव घेणार नाही. माझा चेहरा पाहून त्याला वाटलं असावं की सरांना जरा धीर द्यावा. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सर, आता साळवेंना वरून दाखला मिळेल."

माझा विनोद मला परत मिळाला. आणि मित्रहो, मी हसलो. उघड्या कबरीपाशी, सवयीनं, माझे ओठ हलले. त्याच क्षणी मला आठवलं की सात-अ चालू आहे.

बुधवारी संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. दाराबाहेर त्याचे सुरक्षेचे बूट तसेच होते. वहिनींनी चहा दिला. मी काही सांत्वनपर बोलायला सुरुवात केली, शब्द जुळवतच होतो, तेवढ्यात त्या उठल्या आणि आतून बँजो घेऊन आल्या.

"भाऊजी, मला वाजवता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे एवढं मला येतं. शनिवारी त्यांनी दहादा माझ्याकडून करून घेतलं."

शनिवारी दुपारी शांतवननं वहिनींना बँजो घेऊन बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. स्वतः आतल्या खोलीत जाऊन दार लावून उभा राहिला, घरातला एक स्क्रू-ड्रायव्हर दाराला लावून, मूठ कानाशी. आतून ओरडत होता, "पाचवी छेड. आता ती खालची. सैल कर. आणखी. खुंटी जरा पिळ. थांब, थांब! हाच तो." मग बाहेर आला आणि त्या काळ्या खुंटीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढली. मिरजेच्या कारागिरानं केलेली ती खुंटी. रेघेपाशी खुंटी आणली की सात-अ तयार.

"मी म्हटलं, हे कशाला? किती घाण वाटतंय ऐकायला," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, उद्या संध्याकाळी पंडितजींकडे जायचंय, त्यांना ऐकवायचंय. मी म्हटलं, तोंडानं सांगा की! तर म्हणाले, त्यांना शब्दांनी पटत नाही. शब्द त्यांच्याकडेच फार आहेत."

मी खाली पाहत होतो. वहिनी म्हणाल्या, "चिडले नव्हते हो तुमच्यावर. खरंच."

मग त्यांनी खुंटी रेघेपर्यंत फिरवली आणि अंगठ्यानं दोन तारा छेडल्या. एक वरची, स्थिर. आणि तिच्या खाली एक सैल, थरथरती, वर येते आणि बुडते, वर येते आणि बुडते. दर चार मात्रांनी दम घेतल्यासारखी.

आतल्या खोलीच्या दारातून रूथ म्हणाली, "दॅट वन, अंकल. होल सॅटर्डे लाइक दॅट, लाह."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

मला षड्ज आणि पंचम यांतला भेद कळत नाही. माझ्या कानात संगीत गेलं तर ते दुसऱ्या कानानं परत येतं, रिकाम्या हातानं. पण गुरुवारी सकाळी मी पहिल्या बसनं गेलो, शांतवनच्या कपाटातून त्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, सात-अ च्या पेटीवर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आधी नुसती घरघर. मग ती घरघर बाजूला झाली. तिच्या मागे, खाली, कुणीतरी गुणगुणत होतं.

तुम्हाला काय सांगू? ते वहिनींच्या अंगठ्यासारखंच वाजत होतं.

मी पंप थांबवला. दहा मिनिटांत वरच्या साहेबांचा फोन. मूळ संवाद इंग्रजीत झाला, मी सार सांगतो.

"का थांबवला?"

"आवाज येतोय."

"रीडिंग?"

"मर्यादेच्या आत."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"साळवेनं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शीटवरच्या आकड्याच्या रकान्यात मी आडवी रेघ ओढली. 'नोंदवणारा' या रकान्यात लिहिलं: एस. साळवे. तारीख त्याच दिवसाची. त्याला पुरून दोन दिवस झाले होते. माझ्या सेवाकाळात मी भरलेला हा एकमेव खरा कागद आहे, आणि तो नियमबाह्य आहे. सोमवारी त्याबद्दल मला वर बोलावलं आहे. मी जाणार आहे. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाणार आहे.

काल दुपारी पंप उघडला. आमचे म्हातारे फिटर मुरुगन यांनी बेअरिंग बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर पितळेचे तुकडे ठेवले. बेअरिंगमधल्या गोळ्यांना आपापल्या जागी धरून ठेवणारा जो पिंजरा असतो, त्याचे ते तुकडे. पाच. मी विचारलं, किती वेळ होता? ते म्हणाले, "वन शिफ्ट, सर. मेबी टू."

"अँड देन?"

मुरुगन यांनी मान वळवून फक्त चहाच्या शेडकडे पाहिलं. सात-अ पासून ती शेड पंधरा पावलांवर आहे. दहा वाजता तिथे कोण बसतं, हे या सभागृहातल्या मागच्या दोन रांगांना मी सांगायला नको. तुम्ही बसता. आठवडाभर तुम्ही तिथे बसून माझा विनोद एकमेकांना सांगत होतात आणि पंधरा पावलांवर ते गुणगुणत होतं.

टाळ्या वाजवू नका. कृपया. कुणीतरी आत्ता हात उचलला, तो खाली घ्या. मी कुणालाही वाचवलेलं नाही. ज्यानं वाचवलं तो मेला. आणि मला जे सांगायचं होतं ते अजून पुढेच आहे.

काल पंप उघडल्यानंतर, शिफ्ट सुटल्यावर, मी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उरलेल्या पंपांपाशी गेलो. एकेकाशी थांबलो. सात-ब पाशी सर्वांत जास्त, कारण आता सगळा भार त्याच्यावर आहे. डोळे मिटून ऐकलं. आणि मित्रहो, मला काहीही कळलं नाही. मला एकच बिघडलेला सूर शिकवला गेला होता, दोन तारांवर, वहिनींच्या अंगठ्यानं. तो एक मी ओळखला. बाकी पंप काय म्हणत आहेत? एकात काहीतरी आहे असं वाटलं. पुढे गेलो तर त्यातही आहे असं वाटलं. परत फिरलो तेव्हा सगळेच गुणगुणत होते. आत्ता, मी इथे बोलत असताना, ते चालू आहेत. रीडिंग मर्यादेच्या आत आहे.

"या एकाचंच नीट ऐकलंय. बाकीचे अजून ऐकायचेत." हे त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य. मी त्याला विनोद समजलो होतो.

पुढच्या महिन्यात वहिनी आणि रूथ मिरजेला परत जातील. त्यांचे इथे राहण्याचे पास शांतवनच्या नोकरीच्या पासाला बांधलेले होते, हे इथल्या कुठल्याही कुटुंबाला समजवावं लागत नाही. बँजोही जाईल. वहिनी, एकच विनंती. त्या खुंटीवरची पेन्सिलीची रेघ पुसू देऊ नका. आमच्या विभागात खरा ठरलेला तेवढाच दाखला आहे.

आणि बसमधल्या मंडळींनो, तुमच्यासाठी. सोमवारपासून शीटवर एक नवा रकाना असेल: काय ऐकू आलं. त्याला आकडा लागणार नाही. वर कुणाला तो मंजूर नसेल तर मी तो हातानं आखीन, रोज आखीन. त्यात काहीही लिहा. चुकीचं लिहा. घाबरून लिहा. तुमचा कान कच्चा असेल तरी लिहा, माझा तुमच्याहून कच्चा आहे. चहाच्या शेडमध्ये बसलेले असताना मागे काही वाजतंय असं वाटलं, तर पेला ठेवा आणि उठा.

माझ्या विशेषणांचा साठा आज संपला. या सभेत मी शांतवनला कोणतंही विशेषण लावलेलं नाही, हे कार्यवाह बाईंच्या लक्षात आलं असेल. त्याला ती लागत नसत. तो फक्त ऐकत असे, आणि ऐकलेलं जिथे सांगायचं तिथे येऊन सांगत असे. ऐकून घेण्याचं काम माझं होतं.

आता एक मिनिट शांत उभं राहायचं आहे. बँजो त्या पहिल्या खुर्चीवर आहे. अंकल हो त्याची पाचवी तार एकदा छेडतील आणि मग तारांवर पंजा ठेवतील, शांतवन ठेवायचा तसा. तो हात पडल्यानंतरही कुणाला काही वाजत असल्याचं ऐकू आलं, तर सोमवारी सव्वासहाच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. येऊन बसा. सांगा. मी दाखला मागणार नाही.

अंकल हो, युवर हँड, प्लीज.

उभे राहू या.